ईटचा खवा आणि लिव्हरपूलचा कापूस

परवा टपरीवर चहा पिताना ट्रम्पच्या टॅरिफचा विषय निघाला. एक जण म्हणाला, "त्यानं पन्नास टक्के लावले काय न् शंभर लावले काय, आपल्या ईटला काय फरक पडतो? आपण काय जहाजानं माल पाठवतो का?" सगळे हसले. मीपण हसलो. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. आपल्या बालाघाटावरच्या मालाचा भाव अमेरिकेतल्या भांडणानं ठरायची ही काही पहिली वेळ नाही. दीडशे वर्षांपूर्वी एकदा तो आकाशाला भिडला होता आणि एका पावसाळ्यात धाडकन खाली आला होता. म्हणून आज जरा जुनं उकरून लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

तर मंडळी, १८६१ साल. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि तिथला कापूस बाहेर पडायचा थांबला. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस या एकाच ठिकाणाहून घेत होत्या. एकच दुकान, एकच उधारी. दुकान बंद झालं तशा गिरण्या थांबल्या, मजूर उपाशी राहिले. त्या काळाला तिकडं 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. मग त्यांना आठवण झाली हिंदुस्थानच्या कापसाची. लिव्हरपूलच्या बाजारातनं मुंबईला मागणी सुटली. भाव दुप्पट झाले, तिप्पट झाले, त्याच्याही वर गेले.

मुंबईत काय झालं ते पुस्तकांत भरपूर आहे. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची जमीन भरून काढायच्या कंपनीचे शेअर, रोज एक नवी बँक. आपल्याकडं काय झालं ते मात्र कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही, ते जोडून जोडून बघावं लागतं.

आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. मध्ये १८५३ ते १८६० अशी सात वर्षं धाराशिवचा इलाखा इंग्रजांच्या ताब्यात होता. तेव्हा नळदुर्गात मेडोज टेलर नावाचा अधिकारी बसला होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिणारा तोच हा. त्यानं जमीनमोजणी आणि रस्त्यांची कामं काढली. १८६० ला इलाखा निजामाकडं परत गेला आणि त्याच साली आगगाडी सोलापूरला पोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युद्ध! आता योगायोग बघा. त्याआधी आपल्या भागातला माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरनं घाट उतरायचा आणि येताना कोकणचं मीठ यायचं. आता बार्शीपर्यंत बैलगाडी, बार्शीवरनं बार्शी रोड स्टेशन, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, आणि तिथनं रेल्वेनं थेट मुंबई बंदर. माल जायला वाट झाली आणि लगेच जगातनं मागणी आली.

बार्शी तिथनं मोठी झाली. १८८४ च्या सोलापूर गॅझेटियरमध्ये बार्शीचं वर्णन कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ असं आहे. हा माल येत होता कुठनं? बराचसा निजामी हद्दीतनं, म्हणजे आपल्याकडनं. त्यात गंमत अशी, की माल हद्द ओलांडताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागायची. आणि पैसा पण दोन जातीचा. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. साधारण सात हाली रुपयाला सहा कलदार असा हिशेब. शेतकऱ्याला हा बट्टा कळायचा नाही, आडत्याला पक्का कळायचा. आज डॉलरचा भाव आपल्याला कळत नाही तसंच.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो भेसळीनं. भाव चढले तसे लोक कापसावर रात्री पाणी मारायला लागले. सरकी, माती, दगड गाठीत घालायला लागले. वजन वाढलं, पैसा झाला. हे शेतकऱ्यानं किती केलं आणि मधल्या दलालांनी किती, यावर तेव्हाही वाद होता. माझा अंदाज दलालांकडं झुकतो, कारण गाठ बांधायचं काम शेतकऱ्याच्या हातात नव्हतंच. शेवटी मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातली फसवेगिरी रोखायचा खास कायदा करावा लागला. तोवर लँकेशायरमध्ये आपला कापूस बदनाम झाला होता. तिकडं हिंदी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणायचे, आणि पुढं कुठल्याही हलक्या, भेसळीच्या वस्तूला लोक 'सुरत' म्हणायला लागले. चार वर्षांत एवढं नाव कमावलं आपण.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईत सौद्यांची मुदत भरली आणि भलेभले बुडाले. लँकेशायरवाले अमेरिकन कापसाकडं परत वळले, एकदम नाही पण हळूहळू वळलेच. ज्यांच्याकडं दुसरं गिऱ्हाईक होतं ते तगले. ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडनं उचल घेतली होती, त्यांच्या जमिनी गेल्या. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. त्या आगीमागं इतर कारणंही होती, सारावाढ होती, पण कापसाची ती चार वर्षं त्यात आहेतच. आणि वर्षभरात १८७६ चा मोठा दुष्काळ.

एक गोष्ट मात्र टिकली, ती म्हणजे वाट. बार्शीच्या पेठेनं माल थांबू दिला नाही. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती बांधली आणि जगभर त्या रुळांचं नाव झालं. १९११ ला ती लातूरला पोचली. लातूरची पेठ वाढली त्यात या गाडीचा मोठा हात. ईटला, भूमला गाडी आली नाही ती नाहीच. आजही नाही. १९५४ ला ती सरकारनं घेतली, २००८ पर्यंत मोठे रूळ झाले, धाराशिव शहर लाइनवर आलं. भूम-परंडा-वाशीकर मात्र अजून बार्शीला नाहीतर कुर्डुवाडीला जाऊनच गाडीत बसतात.

मधली वर्षं पटकन सांगतो. १९२९ च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव निम्म्यावर आले. १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीवर नाकेबंदी झाली, मीठ-रॉकेल मिळेना, इकडनं बार्शीकडं आणि बार्शीकडनं इकडं रात्रीची चोरटी ने-आण चालायची, वर रझाकारांची दहशत. हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे, ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी अजून कुणी असेल तर विचारून घ्या. १९७२ ला दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेची तांबडी मिलो आली. मराठवाड्यानं, ज्वारीच्या कोठारानं, रेशनच्या रांगेत उभं राहून परदेशी ज्वारी खाल्ली.

आता खव्याकडं येतो.

आपल्याकडं खवा का? भूम-वाशी-ईट हा डोंगरकपारीचा भाग. बागायत कमी, म्हशी बऱ्या. पण दूध नासतं. रेल्वे नाही, बर्फ नाही, जवळ शहर नाही. मग आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं, दुधातलं पाणी इथंच जाळलं. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलोच्या आसपास खवा होतो. पाच लिटर दूध नेण्यापेक्षा एक किलो खवा नेणं सोपं, आणि दुधापेक्षा तो टिकतोही जास्त. ज्याला आज मोठमोठ्या परिषदांत 'शाश्वत पुरवठा साखळी' म्हणतात ना, ती आपल्याकडं चुलवणावर ठेवलेल्या कढईत होती. कच्चा माल गावातला, प्रक्रिया गावातली, जळण शिवारातलं, मजुरी गावातच राहते. कुंथलगिरीला जैन यात्रेकरू यायचे, त्यांच्यामुळं पेढ्याचं नाव झालं. १९५५ ला आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथंच सल्लेखना घेतली, तेव्हा तर देशभरातनं माणसं आली. पुढं सोलापूर-बीड रस्त्यावरच्या वाहतुकीनं पेढा लांबलांब गेला. आज आपल्या भागातला खवा पुण्याला जातो, हैदराबादला जातो.

कापसात आणि खव्यात हा फरक आहे. कापूस आपण कच्चा विकला, नफा बार्शी, मुंबई आणि लँकेशायरनं वाटून घेतला. खव्यात निदान पहिला नफा गावात थांबतो.

पण खव्याच्या कढईतही जगाची उलथापालथ येतेच. जगात दूध पावडरीचे भाव पडले की डेअऱ्यांकडं पावडर पडून राहते, मग त्या दुधाचा दर पाडतात. २०१८ च्या जुलैमध्ये दूध आंदोलन पेटलं त्याच्या मुळाशी हीच पावडर होती. दुधाचा दर पडला की वाटतं खवेवाल्याचं बरं, स्वस्त दूध मिळेल. तसं होत नाही. पावडर स्वस्त झाली की त्याच पावडरीचा आणि वनस्पती तुपाचा नकली खवा बाजारात उतरतो, आणि खरा खवा महाग म्हणून मागं पडतो. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर छापे पडतात, टीव्हीवर खव्याच्या पाट्या दाखवतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं खवाच नको. १८६३ चा 'सुरत' आठवला का?

२०२० चा मार्च तर कुणी विसरणार नाही. टाळेबंदी लागली, मिठाईची दुकानं बंद, लग्नं बंद, हॉटेलं बंद. म्हशीला कुठं टाळेबंदी? ती दोन्ही वेळ दूध देणारच. सरकारनं २५ रुपये दरानं रोज दहा लाख लिटर जादा दूध घेऊन पावडर करायची योजना काढली. ती संघाला, डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या कामाची. भट्टीवाल्याला त्यात जागा नव्हती. माझ्या ओळखीच्या एका भट्टीवाल्यानं आठ दिवस खवा करून ठेवला, शहरातल्या व्यापाऱ्यानं फोन उचलायचा बंद केला. त्याचं एकच गिऱ्हाईक होतं. लँकेशायरनं जी चूक घेणाऱ्याच्या बाजूनं केली, ती आपण विकणाऱ्याच्या बाजूनं केली. शेवटी त्यानं तूप काढलं, थोडा खवा वाटून टाकला, आणि दोन म्हशी विकल्या.

त्याच टाळेबंदीत बार्शीची जुनी जयशंकर मिल, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाची बार्शी टेक्स्टाईल, थांबली. आपल्या भागातल्या कापसाच्या त्या जुन्या वाटेवरचं जवळचं धुराडं होतं ते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावल्यावर, कापडवाल्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. म्हणजे टॅरिफ लागलं तिरुपूरच्या बनियनला आणि धास्ती बसली मराठवाड्याच्या कापूसवाल्याला. टपरीवरच्या त्या मित्राला हे सांगायचं राहून गेलं. पुढच्याच महिन्यात अतिवृष्टीनं भूम-परंड्यात जनावरं वाहून गेली, तेव्हा टॅरिफ कुणाच्या लक्षातही राहिलं नाही म्हणा.

एक चांगली गोष्ट झाली आहे. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण नुसतं मानांकन मिळून पाटीवर शिक्का बसत नाही. ज्याला ते नाव वापरायचं त्या उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. अर्ज आहे, फी आहे, माल ठरलेल्या प्रतीचा आहे हे दाखवावं लागतं. १८६३ चा कायदा सरकारनं वरून लादला होता. हा शिक्का आपण आपल्या हातानं लावायचा आहे. जळणाचाही प्रश्न आहे. बाभळी किती दिवस पुरणार? आपल्या तालुक्यात सौर ऊर्जेवर खवा हलवायची यंत्रं काही ठिकाणी आली आहेत, ज्यांच्याकडं आहेत त्यांनी खर्च आणि बचत कमेंटमध्ये लिहा, इतरांना कळू द्या.

हे लिहायला बसण्याआधी त्या ओळखीच्या भट्टीवर जाऊन आलो. आता त्याच्याकडं चार गिऱ्हाईकं आहेत, त्यातलं एक बार्शीचं. कढई उतरवत होता. मी विचारलं, मानांकनाची नोंद केली का? म्हणाला, "भाऊ, कागदं कुठं द्यायची तेच कुणी सांगंना." खवा पाटीत भरला, वर फडकं बांधलं. पाटीवर ना गावाचं नाव होतं, ना त्याचं. रात्रीच्या गाडीनं ती पुण्याला गेली.