रिपोर्टची वाट आणि अंथरुणाची सक्ती

गर्भाशयाची किंवा अंडाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला दोन कारणांसाठी थांबावे लागते: पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत आणि अंगात बळ येईपर्यंत. पहिले थांबणे आपल्याला दवाखान्याची दिरंगाई वाटते, दुसरे मात्र काळजी. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा समज बराचसा उलटा आहे. रिपोर्टसाठीच्या थांबण्यात खरे काम चाललेले असते आणि त्यामागे रुग्णाचा हक्कही आहे. अंथरुणाला खिळून राहण्याला मात्र बराच काळ परंपरेपलीकडे फारसा आधार नव्हता.

केंटकीतल्या डॅनव्हिल गावी १८०९च्या डिसेंबरात डॉ. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाची साडेबावीस पौंडांची गाठ काढली. भूल देण्याची विद्या अजून यायची होती. शस्त्रक्रियेला सुमारे २५ मिनिटे लागली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले, तर बाई उठून स्वतःचे अंथरूण नीट करत होत्या. २५ दिवसांनी त्या साठ मैलांवरच्या घरी परतल्या आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगल्या. तरीही शस्त्रक्रिया जसजशी रुग्णालयात स्थिरावली, तसतशी रुग्णाला दोन-तीन आठवडे निजवून ठेवण्याची रीत पक्की होत गेली. टाके उसवतील, आतली जखम उघडेल ही भीती त्यामागे होती. जॉन हिल्टन यांच्या १८६३च्या ग्रंथाने विश्रांतीला उपचाराचे स्थान दिले होतेच. शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी १८९९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना लवकर उठवण्याचा पुरस्कार केला, पण त्यांचे म्हणणे चाळीसेक वर्षे बाजूला पडून राहिले. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका दोन्ही अपुऱ्या पडल्या, तेव्हा रुग्णांना लवकर उठवावेच लागले, आणि त्यात त्यांचे भलेच होते हे दिसले. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, त्यातली एखादी फुफ्फुसात अडकते, छातीत कफ साठतो. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर लेखच लिहिला.

रिपोर्टची गोष्ट वेगळी. बर्लिनमध्ये १८७८ मध्ये कार्ल रूगे आणि योहान फाइट यांनी गर्भाशयमुखाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कर्करोगाचे निदान करू नये, असा आग्रह धरला. नजरेने आणि बोटाने दिलेला कौल अनेकदा चुकतो, हे त्यांना दिसले होते. आजही तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो. मग अल्कोहोलने त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप कोमट पाण्यावर पसरवून काचेवर घेतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. अख्खे गर्भाशय आले असेल, तर ते कापून कुठकुठले तुकडे घ्यायचे हे आधी ठरवावे लागते. शंका राहिली की नवे काप, खास रंग, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत.

यावर कोणी म्हणेल, गोठवलेल्या कापावर काही मिनिटांत निदान होते, मग दिवसचे दिवस कशाला? ही पद्धत जुनी आहे. जॉन्स हॉपकिन्सचे स्त्रीरोगतज्ज्ञ थॉमस कलन यांनी १८९५ मध्ये आणि मेयो क्लिनिकचे लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये ती मांडली. अंडाशयाच्या गाठीसाठी ती आजही वापरतात. पण गोठताना पेशींत बर्फाचे कण होतात, तपशील पुसट होतो, आणि गाठीचा थोडाच भाग तपासला जातो. शिवाय या घाईची किंमत बायकांनी मोजली. स्तनाच्या गाठीसाठी बाईला भूल देत, तिथेच तपासणी करत आणि कर्करोग निघाला तर लगेच स्तन काढून टाकत. जागे झाल्यावर आपला स्तन असेल की नाही, हे तिला आधी ठाऊक नसे. रोझ कुशनर या अमेरिकी पत्रकार बाईंनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत याला नकार दिला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या समितीने निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करण्याची शिफारस केली. कुशनर त्या समितीवर होत्या. मधले दिवस हे विचार करून होकार देण्याचे दिवस ठरले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बार्शी-धाराशिवकडच्या बाईला रिपोर्टसाठी पुन्हा यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे; कित्येकजणी परत येतच नाहीत. म्हणूनच गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये तपासणी झाली की लगेच उपचार, हा मार्ग सुचवला. जिथे थांबणे म्हणजे उपचार हुकणे, तिथे थांबवू नये, हे रास्तच आहे. पण प्रत्यक्ष कर्करोगाच्या शंकेला हा मार्ग लागू नाही. तिथे तुकडा तपासावाच लागतो.

तिसरा आक्षेप घरातला. लवकर उठवायचे म्हटले की बाई चौथ्या दिवशी चुलीशी उभी राहील! ही भीती खोटी नाही. पण वॉर्डात चालणे वेगळे आणि भरलेला हंडा उचलणे वेगळे. पोट उघडून गर्भाशय काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. चालायचे मात्र पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून असते. तेव्हा घरच्यांनी बाईला चालू द्यावे आणि हंडा स्वतः उचलावा. घरी सोडताना दवाखान्याने रिपोर्ट कोणत्या तारखेला, कोणाकडून मिळेल आणि तो कोण समजावून सांगेल, हे कागदावर लिहून द्यावे. कोणी दिले नाही, तर मागून घ्यावे.