पंडिता रमाबाईंचे सोपे बायबल

आपल्या बदलापूरवरून जाणारी गाडी घाट चढून पुण्याच्या पुढे गेली की दौंडच्या वाटेवर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथेच आहे.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. संस्कृत त्या आईजवळ शिकल्या. दुष्काळाने आईवडील नेले. पुढे वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. धर्मांतरामुळे स्वकीयांचे बोल सोसले. पण अनाथ मुली व विधवा यांना अंतर दिले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुलींना त्यांनीच आसरा दिला.

मराठी बायबल तेव्हा होते. पण त्याची भाषा साध्या बायकांना जड जाई. म्हणून एवढ्या मोठ्या पंडितेने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मूळ शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. छपाईचे कामही मुक्तिसदनातील बायकांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

धर्म कोणताही असो, स्वतः कठीण शिकून दुसऱ्यास सोपे करून देणे, हीच विद्येची खरी सेवा. आपल्या मंडळातही जिला चार अक्षरे अधिक येतात, तिने ती शेजारणीला द्यावीत.