शिक्रापूरहून गोव्याकडे : सुट्टीचा बेत आणि त्यामागचा इतिहास

नाताळची सुट्टी जवळ येऊ लागली की आमच्या शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यातील कुटुंबांत गोव्याच्या सहलीचे बेत सुरू होतात. कारखान्यातील पाळ्या आणि मुलांच्या शाळा यांचा मेळ घालून चार दिवस काढायचे, पणजीजवळ परवडेल अशी खोली पाहायची, मिरामार-कळंगुटच्या वाळूत मुलांना मनसोक्त खेळू द्यायचे आणि जाता जाता जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेविअरचेही दर्शन घ्यायचे, असा तो बेत असतो. पोटापाण्यासाठी दुष्काळी मुलखातून इकडे आलेल्या माणसांना समुद्राची ओढ वाटली तर त्यात गैर काय? सहा दिवस श्रम आणि सातव्या दिवशी विसावा हा तर शास्त्राचाच दंडक आहे. मात्र या बेतातील ‘जाता जाता’ हे दोन शब्द आम्हांला खटकतात.

ते खटकण्याचे कारण असे. देशावरील मराठी कॅथलिकाला परका माणूस हमखास विचारतो, “तुम्ही मूळचे गोव्याचे का?” आपण नाही म्हणतो, आणि ते खरेही आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी श्रद्धा आली ती समुद्रमार्गे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी जे कार्य आरंभिले, त्यातून ती आली. आपली मोठी यात्रा हरेगावच्या मतमाउलीची. त्यामुळे गोव्याच्या सोनेरी वेदींपुढे उभे राहिल्यावर आपल्यातील अनेकांना ते वैभव दुसऱ्याचे वाटते आणि आपण पर्यटकासारखे छायाचित्र काढून परततो. पण इतिहास थोडा निरखून पाहिला, तर शिक्रापूर आणि गोवा यांचे नाते वाटते त्याहून जुने आणि गुंतागुंतीचे आहे.

शिक्रापूरहून पुण्याकडे निघाले की कोरेगाव भीमापाशी वढू बुद्रुकचा फाटा लागतो. तेथे छत्रपती संभाजीराजांची समाधी आहे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाच्या छावणीत त्यांचा क्रूर वध झाला, हे आपल्याकडील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याआधी साडेपाच वर्षे हेच संभाजीराजे गोव्याच्या वेशीवर उभे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट, याने फोंड्याच्या मराठी किल्ल्याला वेढा घातला. संभाजीराजे स्वतः धावून आले आणि व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. पुढे २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी राजधानीसमोरील जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तो परत मिळविण्यासाठी व्हाइसरॉय जातीने गेला आणि पराभूत होऊन कसाबसा परतला. आता मराठे राजधानीत शिरणार, या भयाने शहर गांगरून गेले.

त्या वेळी व्हाइसरॉयने बॉम जेजूच्या मंदिरात जाऊन संत फ्रान्सिस झेविअरची शवपेटी उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवून शहराचे रक्षण त्याच्यावर सोपविले, असे परंपरा सांगते. थोड्याच दिवसांत शाहआलमच्या नेतृत्वाखाली मोगल सैन्य कोकणात उतरल्याचे वर्तमान आले आणि संभाजीराजांना मागे फिरावे लागले. गोवेकर भाविकांनी त्यात संताची कृपा पाहिली. इतिहासकार मोगलांच्या स्वारीकडे बोट दाखवितात. गोव्याचा कॅथलिक या संताला आजही ‘गोंयचो सायब’ म्हणतो, त्या प्रेमामागे अशा प्रसंगांच्या आठवणी आहेत.

येथे आमच्या मुलांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वढूच्या समाधीपुढे नतमस्तक व्हायचे आणि बॉम जेजूतही गुडघे टेकायचे, हे कसे जमावे? १६८३ साली आपण कोणत्या बाजूला असतो? आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न राजसत्तांचा आहे, श्रद्धेचा नव्हे. झेविअर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर निवर्तले. त्यांचे शव १५५४ मध्ये गोव्यात आणले गेले. जुव्याच्या लढाईच्या वेळी त्यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती. त्यांच्या हाती दंड ठेवला तो एका भेदरलेल्या राज्यकर्त्याने. राज्यकर्त्याची बाजू ती संताची बाजू असे मानण्याचे आपल्याला कारण नाही. सोळाव्या शतकात गोव्यात पाडली गेलेली देवळे आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, चाललेले इन्क्विझिशन यांचे समर्थनही आपल्याला करता येणार नाही.

याच व्हाइसरॉयची पुढची कृती तर आपल्याला, मराठी भाषकांना, थेट भिडते. मराठ्यांचे संकट टळल्यावर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, त्याने फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भूमीत हे फर्मान निघाले, तेथेच सत्तर वर्षांपूर्वी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत अवतरली होती! फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात पोहोचले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. लिपी रोमन, शब्दांत कोकणीची पेरणी, पण भाषा मराठी. नवख्रिस्ती लोकांना पुराणाची गोडी होती आणि त्यांच्या हाती पुराण उरले नव्हते. ती उणीव या धर्मगुरूने ओळखली. १६५४ नंतर मात्र हा ग्रंथ पुन्हा छापला जाण्यास १९०७ साल उजाडले, आणि तेही गोव्यात नव्हे, मंगळूरला.

आता प्रवासाच्या वाटेकडे पाहू. १८८८ च्या सुमारास पोर्तुगीज हद्दीतील रेल्वे मार्मागोवा बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकला मिळाली, आणि काही वर्षांत पुणे-मिरज-लोंढा मार्गाने देशावरचा प्रवासी गाडीत बसून गोव्यात उतरू लागला. तोपर्यंत पणजी हे राजधानीचे शहर झाले होते. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहावयास आला आणि १८४३ मध्ये पणजीला रीतसर राजधानीचा दर्जा मिळाला. पुढे ही वाट एकदा बंदही झाली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून सत्याग्रही गोव्याकडे निघाले. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला आणि सरहद्द मिटली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ती मिटलेलीच राहिली. नवल असे की, ही वाट बंद असतानाच, १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांनी ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत संपादून पुण्यात प्रसिद्ध केले. माणसांना जाता येत नव्हते, त्या काळात गोव्याचा ग्रंथ आपल्या दारी आला.

म्हणून वाचकहो, यंदाचा बेत आखताना क्रम थोडा बदलावा, अशी आमची सूचना आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, ते वेळीच करावे. पुण्याहून लोंढा मार्गे जाणारी गोवा एक्सप्रेस दूधसागरचा घाट उतरते. मुलांना तो जुना सरहद्दीचा मार्ग दाखवावा. पहिली सकाळ जुन्या गोव्याला द्यावी. महादर्शनाचा सोहळा दर दहा वर्षांनी होतो आणि मागचा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, म्हणून हिरमुसू नये. गोव्याच्या कारागिरांनी घडविलेली चांदीची पेटी एरवीही बासिलिकेत पाहता येते. तेथून जुवे बेट दूर नाही. त्या किल्ल्यावर उभे राहून मुलांना १६८३ ची हकिकत दोन्ही बाजूंनी सांगावी. एक दिवस साष्टीतील रायतूरसाठी ठेवावा. तेथील सेमिनरी आजही धर्मगुरू घडविते. उरलेले दिवस समुद्राचे. ते आनंदाने उपभोगावेत.

आणि निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी वढूला जाऊन यावे. गोव्यात कोणी “तुम्ही कोठले?” असे विचारले, तर मुलांनी संकोच न करता सांगावे, आम्ही शिक्रापूरचे, मराठी, आणि कॅथलिक. तिन्ही शब्द एका दमात.