दोन लाख लारी आणि फक्त मुद्दल

मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेले पत्र बहुतेकांना एका वाक्यामुळे ठाऊक असते : रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाऊ देऊ नकोस. भाषणांत, फलकांवर तेवढेच येते. पुढचा मजकूर सहसा कोणी वाचत नाही, आणि शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने खरा ऐवज तिथेच आहे.

प्रभावळी म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातले प्रभानवल्ली. डोंगरउतार, भातखाचरे आणि पडीक वरकस जमीन असा हा मुलूख. सुभेदाराला हुकूम असा की गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, प्रत्येकाचे मनुष्यबळ पाहावे. ज्याच्याकडे माणसे आहेत पण बैल नाहीत, दाणा नाही, त्याचे काम अडून राहते. अशाला रोख पैसे देऊन दोनचार बैल घेववावेत, पोटाला खंडी-दोन खंडी दाणा द्यावा आणि त्याच्याने होईल तेवढे शेत करवावे. दिलेला पैसा वाढीदिढी न लावता, मुद्दल तेवढेच, हळूहळू, त्याला ताकद येईल तसे परत घ्यावे. नादार कुळाकडची जुनी बाकी माफ करून हुजुरास कळवावे. माफीची सनद मिळेल.

हे सगळे पत्रात स्पष्ट आहे, तर्काची गरज नाही. इथून पुढे मात्र पाऊल जपून टाकले पाहिजे.

आधी तारीख पाहू. कोकणात सप्टेंबरच्या आरंभी भाताची लावणी आटोपलेली असते आणि कापणीला महिना-दीड महिना उरलेला असतो. नांगरटीचे बैल लागतात ते पावसाच्या तोंडाशी. मग बैल देण्याची घाई आत्ताच का? उत्तराचा धागा पत्राच्या पूर्वार्धात सापडतो. तिथे विषय बटाईचा आहे : रास पडल्यावर रयतेचा वाटा रयतेला मिळावा, राजभाग सरकारात यावा. माझा तर्क असा की सुभेदार बटाईसाठी गावोगाव फिरणारच होता. त्याच फेरीत कोणाचा गोठा रिकामा आहे हे पाहून पुढच्या हंगामाची तजवीज करावी, असा हिशेब असावा. दुसरीही एक शक्यता आहे. कर्नाटकच्या मोहिमेवर निघालेले महाराज १६७७ च्या सुरुवातीला भागानगरात होते. दीर्घकाळ दूर राहायचे असताना मुलकी कारभाराची बारीकसारीक बजावणी आधीच करून ठेवणे स्वाभाविक आहे. पहिल्या तर्काला पत्रातला मजकूरच आधार देतो. दुसऱ्याला केवळ काळाचा मेळ. म्हणून मी पहिल्याला अधिक वजन देतो.

आता रक्कम. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी चालेल, असे पत्र म्हणते. लारी हे किनारपट्टीच्या व्यापारात चालणारे, चांदीची तार वाकवून केलेले नाणे. कोकणच्या सुभेदाराशी त्याच नाण्यात बोलणे साहजिक होते. पण हा आकडा खर्चाचा नाही, तयारीचा आहे. ‘शिवाजी महाराजांनी शेतकऱ्यांना दोन लाख लारी वाटल्या’ असे विधान या पत्राच्या आधारे करता येत नाही. हुकूम आणि अंमल यांच्यामध्ये रामाजी अनंताचा जमाखर्च उभा राहायला हवा, आणि पत्र म्हणजे जमाखर्च नव्हे.

मग दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्यात पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असे प्रमाण आहे. शिवाय नव्या रयतेला गुरेढोरे, बियाण्याला आणि खायला दाणा-पैका द्यावा आणि ऐपत पाहून दोनचार वर्षांत तो उगवून घ्यावा, असेही आहे. बखर घटनेनंतरची, आठवणीवर बेतलेली. तरी बैल, दाणा आणि सवडीची फेड या तीन गोष्टी दोन्हीकडे जुळतात. फरकही महत्त्वाचा आहे. सभासद नव्याने येणाऱ्या रयतेविषयी बोलतो; पत्रातला कुणबी मात्र गावातच आहे आणि साधनाअभावी अडला आहे. म्हणजे धोरण वसाहतीपुरते नव्हते, असे म्हणायला जागा आहे.

सरकार बिनव्याजी पैसे का देत होते? औदार्य हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे. पडीक जमीन लागवडीला येऊन दस्त, म्हणजे सरकारी महसूल, वाढावा, हा हेतू पत्र लपवत नाही. बटाईत सरकारचा परतावा राशीतूनच येतो : पीक वाढले की राजभाग वाढला, बुडाले की दोघांचेही बुडाले. अशा व्यवस्थेत वर व्याज लावणे म्हणजे आपल्याच भागीदाराला खिळखिळे करणे. हा माझा निष्कर्ष आहे, पत्रातले वाक्य नव्हे.

जमिनीच्या जपणुकीसाठी अनेकजण आणखी एक पुरावा जोडतात : आंबा-फणसाची झाडे तोडू नका, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तो मजकूर ‘आज्ञापत्रा’तला, रामचंद्रपंत अमात्यांचा, साधारण १७१५ चा. अमात्यांनी थोरल्या महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, त्यामुळे धोरण जुने असू शकेल. पण ते शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून छापणे चूक आहे.

दोनशे वर्षांनी शेतकऱ्याला सरकारी पैसा देण्याच्या त्याच कामाचा कागद वेगळा दिसतो. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्यात विहिरी, तळी, निचरा यांबरोबर पुरापासून आणि धुपेपासून जमिनीचे रक्षण हेही तगाईचे, म्हणजे शेतीसाठीच्या सरकारी कर्जाचे, कारण म्हणून नोंदले आहे. तोवर शेतसारा रोख आणि ठरीव झाला होता. त्यामुळे कर्जाला व्याज आले आणि थकबाकी सरकारी सारा म्हणून वसूल करण्याचा अधिकारही आला. मात्र याच कायद्याचे अकरावे कलम सावकाश वाचावे. तगाईतून केलेल्या सुधारणेमुळे जमिनीचे मोल वाढले, तर साऱ्याच्या फेरआकारणीत ती वाढ धरायची नाही. पुढे अपवाद येतात : पडीक जमीन वहितीला आणली किंवा जिरायत भिजवली, तर ही सूट ठरावीक मुदतीपुरतीच. सुधारणा केली की सारा वाढेल, ही शेतकऱ्याची धास्ती कायदा करणाऱ्यांना पक्की माहीत होती, हे या कलमावरून सिद्ध होते. ती धास्ती दूर झाली का, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

त्याच १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले वेगळीच मागणी करतात. पावसाने धुपून जाणारे सत्त्व शेतातच मुरावे म्हणून सरकारने लष्कर आणि पोलिसांतल्या फालतू शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, नदी-तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. कर्जाऐवजी श्रम आणि माती मागणारा हा मसुदा मला कायद्याहून अधिक व्यवहारी वाटतो.

या सर्व कागदांत वरून खाली आलेला आवाज ऐकू येतो, किंवा फार तर खालच्यांसाठी वर केलेला. तगाई घेणाऱ्याच्या हाती राहिलेला कागद वेगळा असतो : कबुलायत, हप्त्याची पावती, विहिरीचा पंचनामा. असे कागद गावोगावच्या जुन्या पेट्यांत, रुमालांत बांधलेले असतात आणि घर पाडताना ते आधी जळतात. आपल्या घरी मोडी लिपीतला एखादा रुमाल असेल, तर तो वाचता येत नाही म्हणून टाकू नका. कागद आहेत त्या क्रमाने त्यांची छायाचित्रे घ्या आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या मोडी जाणकाराला दाखवा. त्यात दिलेल्या रकमेपेक्षा वसुलीच्या तारखा आधी शोधायला सांगा.