कामगार संघटनेच्या दप्तराची कुळकथा

नोंदणीकृत कामगार संघटनेचे दप्तर ठरलेले असते: घटना, सभासदांची नोंदवही, वर्गणीच्या पावत्या आणि तपासलेला वार्षिक हिशेब. त्याचे मूळ ब्रिटनमधील 24 पौंडांच्या वादात सापडते. बॉयलर बनवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेच्या ब्रॅडफर्ड शाखेत खजिनदाराने ही रक्कम अडकवून ठेवली. संघटना न्यायालयात गेली. तिची उद्दिष्टे व्यापाराच्या स्वातंत्र्याला बाधक असल्याने परस्पर साहाय्य मंडळ्यांच्या (फ्रेंडली सोसायटी) कायद्याचे संरक्षण तिला मिळणार नाही, असा निकाल 1867 मध्ये लागला. पुढे 1871 च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. सात सभासदांनी नियमांवर सह्या करून नोंदणी करायची, मालमत्ता विश्वस्तांकडे ठेवायची आणि निबंधकाकडे दरवर्षी हिशेब पाठवायचा, अशी व्यवस्था झाली.

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगार एकत्र आणले. त्या वर्षीच्या अर्जावर सुमारे 5,500 सह्या होत्या आणि 1890 मध्ये आठवड्याची सुट्टीही मिळाली. पण त्यांच्या संस्थेला सभासदांची यादी, निधी किंवा लेखी नियम नव्हते. नोंदवही आणि नियमित वर्गणी असलेली संघटना 1918 मध्ये मद्रासला बी. पी. वाडिया यांनी उभी केली. तेथील बिन्नी कंपनीने वाडियांसह पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावून मनाई हुकूम मिळवला. संघटनेला कायद्याचे कवच नसल्याचे त्यामुळे उघड झाले. ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये केंद्रीय विधिमंडळात नोंदणीच्या कायद्याची मागणी केली.

ही मागणी पुरी करणारा 1926 चा कायदा 1 जून 1927 पासून लागू झाला. औद्योगिक तंट्यातील कृतींबद्दल नोंदणीकृत संघटनेला दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळाले आणि त्या बदल्यात कारभार उघडा ठेवण्याचे बंधन आले. अर्जासाठी सात सह्यांची अट ब्रिटिश कायद्यासारखीच होती. पदाधिकारी कसे नेमायचे व काढायचे, निधी कशावर खर्च करायचा, हे घटनेत लिहावे लागे. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदांना मिळाला. पुढारी बहुधा वकील किंवा समाजकार्यकर्ते असत, म्हणून निदान निम्मे पदाधिकारी त्याच उद्योगातले असावेत असे ठरले. राजकीय कामासाठी वेगळा, ऐच्छिक निधी ठेवण्याची तरतूद ब्रिटनच्या 1913 च्या कायद्याच्या वळणाची होती.

कायद्याने न सांगितलेला एक भाग मुंबईच्या 1928 च्या सार्वत्रिक संपातून आला. त्या वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या नेमल्या. खात्याखात्यांतल्या तक्रारी आणि वर्गणी त्यांच्यामार्फत मध्यवर्ती कचेरीपर्यंत पोहोचू लागली. वर्षअखेर सभासदसंख्या सुमारे 54,000 झाली.

वर्गणीची किमान मर्यादा 1960 मध्ये महिना 25 पैसे ठरली. 2001 च्या दुरुस्तीने ती संघटित क्षेत्रासाठी वर्षाला 12 रुपये केली. आस्थापनेतील वा उद्योगातील 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी असेल तेवढे सभासद नोंदणीसाठी आवश्यक झाले. मात्र सातांपेक्षा कमी कधीच चालणार नाहीत, ही अट तशीच राहिली.