तळटीप : डेन्ड्रायटिक पेशी

१. डेन्ड्रायटिक पेशी : त्वचा, श्लेष्मल पटले व रक्त यांत आढळणाऱ्या शाखायुक्त प्रतिकारपेशी. राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले. शरीरात शिरलेल्या जंतूचे अंश लसिकाग्रंथींत नेऊन टी-पेशींपुढे मांडणे, हे त्यांचे मुख्य काम. एचआयव्ही याच वाटेचा गैरफायदा घेतो : या पेशींना चिकटून तो लसिकाग्रंथींत पोहोचतो आणि तेथील सीडी४ टी-पेशींना त्याची लागण होते. उपचार न झाल्यास रक्तातील डेन्ड्रायटिक पेशी घटतात. विषाणूविरोधी इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणात स्रवणारा त्यांचा प्लाझ्मासायटॉइड प्रकारही त्यात आला. एचआयव्हीविरोधी (एआरटी) औषधे विषाणूची वाढ रोखतात, तेव्हा ही संख्या बरीचशी सावरते. मात्र ती आणि पेशींचे कार्य नेहमीच निरोगी पातळीवर येते असे नाही. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती पूर्ववत होते’ हे लेखकाचे विधान मर्यादित अर्थानेच घ्यावे. सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. भारताने हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले. — संपा.