खुंटीवरचे टाळ

मंडळी, आज तुम्हाला फार लांब नेत नाही. तुमच्याच गावच्या देवळात चला. सभामंडपाच्या भिंतीला खुंटी आहे, खुंटीला टाळांच्या जोड्या टांगलेल्या आहेत. कोपऱ्यात पखवाज आहे, त्याच्यावर खोळ चढवलेली आहे. वीणा देवापाशी आहे. आता मला एवढंच सांगा, त्या टाळांच्या दोऱ्या शेवटच्या कधी बदलल्या? पखवाजाला शेवटची कणीक कधी लागली?

उत्तर द्यायला काही गावांना वेळ लागणार नाही. ‘परवाच्या एकादशीला’ असं ती म्हणतील. त्यांना माझा नमस्कार. पण मुळशी खोऱ्यात आणि खोऱ्याबाहेरही अशी गावं पुष्कळ आहेत, की जिथं या प्रश्नावर दोन म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तरणी पोरं पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला जातात, हिंजवडीच्या कचेऱ्यांत रात्र काढतात. पखवाज वाजवणारा थकला, त्याच्या हाताखाली कोणी बसलं नाही. मंडळ कुणी मोडलं नाही, ते आपसूक मोडलं. अशा गावांसाठी आणि तिथल्या गुरुजींसाठी आजचं हे बोलणं आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. भजनी मंडळ म्हणजे नुसता गाणाऱ्यांचा घोळका नव्हे. त्याला रचना आहे. एकाच्या गळ्यात वीणा, एकाच्या मांडीवर पखवाज, समोरासमोर टाळकऱ्यांच्या दोन रांगा. एकाने चाल धरायची, बाकीच्यांनी ध्रुपद झेलायचं. गोड गळ्याचा माणूस एखादाच असतो, पण रांगेत उभा राहिला की खरखरीत गळ्याचंही चालून जातं. एकट्याचं गाणं गळ्यावर चालतं, मंडळाचं गाणं नेमावर चालतं. इतिहासात हे मंडळ पुन्हा पुन्हा मोडलं आणि पुन्हा पुन्हा उभं राहिलं, ते या नेमामुळेच. तो इतिहास थोडा पाहू.

तुकोबांचे चौदा टाळकरी आपण ऐकून आहोत. देहू आपल्या मुळशीच्या शेजारचीच. १६५० च्या सुमारास तुकोबा गेले. ज्याच्या शब्दावर कीर्तन उभं होतं तोच गेल्यावर मागे काय राहणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा, ज्यांचा जन्मच वडलांच्या मागे झाला, त्यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ज्ञानोबांच्या आणि तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवायच्या आणि भजन करीत पंढरीला जायचं. म्हणजे काय केलं? गाणाऱ्याच्या जागी वाट दिली, तिथी दिली, मुक्काम दिले. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने. माणूस गेला तरी नेम राहिला.

पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर झाले. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ते आळंदीला येऊन राहिले आणि १८३२ च्या सुमारास ज्ञानोबांच्या पालखीचा सोहळा त्यांनी निराळा उभा केला. फौजेत वावरलेला माणूस, त्याने वारीला शिस्त लावली. दिंड्यांना क्रम दिला. कोणत्या वेळी कोणतं भजन हे ठरलं. आजही मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण यातली गंमत पुढेच आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. सगळा तळ गप्प आणि एकाच कोपऱ्यात टाळ. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो आणि मगच पुढचं काम. बघा, ज्या टाळाने देव आळवायचा त्याच टाळाने गाऱ्हाणंही मांडायचं. समूहाच्या आवाजाची ही ताकद आपल्या माणसांना जुनी ठाऊक आहे.

आता आपल्या मुळशीकडे येऊ. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात भातशेती करणारी मावळी वस्ती होती. मुंबईला वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनीने इथं धरण बांधायचं ठरवलं. पाणी इथं अडवायचं, सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथं वीज काढायची आणि मुंबईला न्यायची. यात पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं, दहा हजारांवर माणसं उठणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे ही मंडळी पुढे होती. बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते इथंच. ते स्वतः कवनंही करीत. बायामाणसं, पोरंटोरं सगळी या लढ्यात उतरली. तीन वर्षं लढा चालला. माणसं तुरुंगात गेली, पण शेवटी यश आलं नाही. १९२७ पर्यंत धरण पुरं झालं.

कोणी काही ऐकून घेईना तरी टाळ वाजतच राहावा, तसा हा लढा होता. निवाडा करणारा चोपदार मात्र आला नाही.

जमिनीचा मोबदला ठरला, घराचा ठरला, झाडाचा ठरला. त्या हिशेबात एका गोष्टीचा रकाना नव्हता. गाव उठलं म्हणजे काही माणसं वरच्या उतारांवर सरकली, काही दूर गेली. एका रांगेत उभे राहणारे टाळकरी चार दिशांना पांगले म्हणजे त्या गावची भजनाची चाल कुणी आणि कुणासमोर म्हणायची? देऊळ दुसरीकडे बांधता येतं. मूर्ती डोक्यावर घेऊन नेता येते. पण चाल ही एकट्याच्या डोक्यावरून नेता येत नाही, तिला झेलणारी रांग लागते.

कुणी म्हणेल, अभंग तर छापलेले आहेत, मग काळजी कसली? खरं आहे. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून सरकारी खर्चाने तुकोबांची गाथा छापून निघाली, पहिला भाग १८६९ साली, दुसरा १८७३ साली. साडेचार हजारांच्या घरात अभंग कागदावर आले. पण मंडळी, गाथेत शब्द आहेत, चाल नाही. हा अभंग पहाटे कसा उचलायचा, ध्रुपद कुठं मोडायचं, पखवाजाने कुठं दुप्पट धरायची, हे गाथेच्या कोणत्याच पानावर नाही. ते गावातल्या चार गळ्यांत आहे. ते चार गळे मिटले की ते मिटलं. त्यासाठी धरणच लागतं असं नाही, नुसतं दुर्लक्ष पुरतं.

असं संकट काही आपल्यावरच आलं असं समजू नका. विलायतेत वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, त्यांची बोली इंग्रजीहून निराळी. तिथं कापेल केलिन नावाचं खेडं होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून त्या खोऱ्यात धरण झालं आणि १९६५ साली घरं, शाळा, टपालकचेरी आणि प्रार्थनामंदिर पाण्याखाली गेलं. २००५ साली लिव्हरपूलच्या महापालिकेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. चाळीस वर्षांनी का होईना, मागितली.

त्या मुलखातली एक रीत मात्र आपल्याला घेण्यासारखी आहे. तिथं गावोगावची प्रार्थनामंदिरं वर्षातून एकदा एकत्र जमून स्तोत्रं गातात. कोणती गायची हे आधी ठरतं. मग प्रत्येक गाव आपापल्या ठिकाणी तीच स्तोत्रं घोकतं. ठरल्या दिवशी सगळी एका जागी आली की कुणी कुणाला शिकवावं लागत नाही, एकदम सूर उठतो. लहानशा गावात दहा गळे असले तरी भिण्याचं कारण नाही, कारण पलीकडच्या गावचे दहा त्यांना मिळायचे असतात.

आता आकाशवाणीचंही थोडं बोललं पाहिजे. पुण्याचं केंद्र १९५३ साली सुरू झालं. भजन घरोघर पोचलं, थोरथोरांचे गळे खेड्यात ऐकू आले. पण त्यात एक चूकही आपल्या हातून झाली. आपण ऐकणारे झालो आणि गाणारे होतो हे विसरलो. रेडिओनंतर टेलिव्हिजन आलं, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. एवढं चांगलं गाणं फुकट ऐकायला मिळत असता माझं खरखरीत कशाला, असं वाटू लागलं. याच केंद्राने १९५६ साली दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळं करून एक प्रयोग केला होता. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसात बोलत, आपले प्रश्न केंद्राला कळवत. नुसतं ऐकून उठायचं नाही, आपलंही काही म्हणायचं, हा त्यातला धडा. भजनालाही तोच लागू आहे.

तर मग करायचं काय? मोडलेलं मंडळ पुन्हा बसवायचं तर वर्षाचा नेम कागदावर मांडा. तो आपल्या भातशेतीला धरून मांडा, नाहीतर टिकायचा नाही.

सुरुवात एकादशीने करा. महिन्यातून दोन रात्री, दोन तास, एवढंच. दहा अभंग निवडा, जास्त नकोत. पाळीला जाणारा एका एकादशीला चुकला तर दुसरीला येईल, त्याला बोल लावू नका. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो. तेव्हा भात काढणीला आलेलं असतं हे खरं, पण काकडा पहाटेचा, शेतावर जायच्या आधीचा. रोज पाच माणसं आली तरी तो मोडू देऊ नका. खळं उरकलं, माघ लागला, की हात मोकळे होतात. सप्ताहाचे दिवस तेच. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, दर पहाऱ्याला गळ्यातून गळ्यात जाते. म्हणून पहाऱ्यांची वाटणी महिनाभर आधी करा, तिच्यात बायांची आणि मुलांची नावं घाला. फाल्गुनात तुकोबांची बीज, चैत्रात रामनवमी आणि हनुमानजयंती. जत्रेला पुण्या-मुंबईची माणसं गावी येतात, त्यांना बघ्यांत बसवू नका, टाळ हातात द्या. आषाढात लावणी असते, सगळ्यांना वारीला जाता येत नाही. दोघे-चौघे जातील, मागे राहतील त्यांनी गावात एकादशी करावी. श्रावणात पोथी, भाद्रपदात गणपती, की वर्ष भरलं.

आणि वेल्सची ती रीत आपणही करू. शेजारच्या चार गावांनी मिळून तेच दहा अभंग धरावेत, त्याच चालींनी घोकावेत आणि माघात एका देवळात जमावं. एका गावाला पखवाजी नसेल तर दुसऱ्याचा चालेल.

गुरुजी, तुमच्याकडे एक निराळं काम आहे. मुलांना एक वही करायला सांगा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्यांना पाठवा. अभंग कोणता, चाल कुणी शिकवली, शिकवणारा कोणत्या गावचा, हे लिहून घ्यावं. चाल फोनवर उतरून घ्यावी, फोन त्या कामी चांगला. या वहीत कुठंतरी पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव येईल. आलं तर ते ठळक लिहा. इतिहासाच्या पुस्तकात लढ्याची तारीख असते, त्या गावाचा सूर नसतो. तो तुमच्या वहीत असू द्या. आणि नुसता वहीत नको, उतरलेली चाल एकादशीला मुलांकडून म्हणवून घ्या.

एवढं सांगून थांबतो. येत्या एकादशीला फार काही करू नका. देवळात जा, खुंटीवरचे टाळ काढा, दोऱ्या नव्या घाला. एक जोडी तुम्ही घ्या आणि दुसरी शेजारच्या पोराच्या हातात द्या.